क्लच प्लेट बदलली, पण फ्लायव्हील कोणी बघितलं? गाडी गॅरेजमध्ये देण्याआधी प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी गोष्ट

गोरेगाव (जि. गोंदिया) : आपल्या भागात गाडी ही फक्त हौसेची वस्तू नाही. कोणी धानाची पोती राइस मिलपर्यंत नेतं, कोणी लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी भाड्याने देतं, कोणी शाळेच्या पोरांना ने-आण करतं. अनेक घरांची चूल चार चाकांवर पेटते. आणि तितक्याच घरांतली पोरं गॅरेजमध्ये हात काळे करून पोट भरतात. म्हणून आज आम्ही अशा एका भागाबद्दल लिहीत आहोत, जो गाडीवाल्याला कधी दिसत नाही आणि मिस्त्रीला दिसला तरी तो बरेचदा तसाच सोडून देतो. त्याचं नाव फ्लायव्हील.

हा विषय आम्हाला सुचला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. आमच्या घरी एक जुनी डिझेलची सात सीटर गाडी आहे. तिची क्लच प्लेट एका गॅरेजमध्ये बदलून घेतली. तीन महिनेही झाले नाहीत. एका पहाटे फुफींना तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे निघालो आणि मुरदोलीच्या जंगलात गाडीने दम सोडला. एक्सलेटर दाबला की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा वर जायचा, पण गाडी सरकायची नाही. करपलेला वास गाडीभर. बाहेर अंधार, आत फुफी आणि दोन लहान मुलं. दोन तासांनी ओळखीतल्या एका पिकअपवाल्या भाईने ओढून नेलं, तेव्हा जीवात जीव आला. तपासणीची त्या दिवशीची वेळ मात्र गेली ती गेलीच.

दुसऱ्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला आणि आम्हाला हाताने धरून आत दाखवलं. नवी क्लच प्लेट तेलाने माखलेली. मागचं फ्लायव्हील जागोजागी निळं पडलेलं, त्यावर केसासारख्या बारीक चिरा. तो म्हणाला, "भाई, प्लेट नवी टाकली, पण ती ज्याच्यावर घासते ते कोणी बघितलंच नाही. खरखरीत पाट्यावर नवा वरवंटा घासून काय उपयोग?" त्यानंतरचा दीड दिवस आम्ही त्याच्या शेजारी उभे राहिलो, एकेक गोष्ट विचारत गेलो. जे समजलं ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

फ्लायव्हील म्हणजे नेमकं काय?

जुन्या लोकांना पिठाच्या चक्कीवरचं डिझेल इंजिन आठवत असेल. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेइतकी मोठी लोखंडी चाकं, हँडल मारून सुरू करायचं. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने १९४६ पासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जी इंजिनं पोहोचवली, त्यातल्या जुन्या संथ इंजिनांवर अशी चाकं असायची. तीच फ्लायव्हील.

त्यांचं काम काय? फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणजे ढकल एकदाच मिळते. उरलेल्या वेळात पिस्टन हवा ओढतो, दाबतो, धूर बाहेर टाकतो. त्यासाठी लागणारी ताकद कुठून येणार? ते जड चाक एकदा फिरायला लागलं की सहज थांबत नाही. ढकल मिळाली की ते ताकद साठवून ठेवतं आणि ढकल नसताना परत देतं. घरातल्या शिलाई मशीनचं चाक आठवा. पाय क्षणभर थांबला तरी सुई आणखी एक-दोन टाके मारतेच. तेच हे तत्त्व.

कारच्या चार सिलिंडर इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक ढकल मिळते. म्हणून तिथलं फ्लायव्हील चक्कीच्या चाकापेक्षा खूप लहान असतं, साधारण जेवणाच्या मोठ्या ताटाएवढं. पण ते बिडाचं असतं आणि हलकं मुळीच नसतं. लहान गाडीत सहा-सात किलो, मोठ्या डिझेल गाडीत त्याहून बरंच जास्त.

या चाकाची तीन कामं आहेत. पहिलं, इंजिनाची चाल एकसारखी ठेवणं. दुसरं, स्टार्टर मोटरला पकड देणं. त्याच्या कडेला दातांची रिंग बसवलेली असते. चावी फिरवल्यावर स्टार्टरचा छोटा गिअर त्याच दातांत अडकून इंजिन फिरवतो. तिसरं, क्लच प्लेटला घासायला सपाट जागा देणं. इंजिनाची सगळी ताकद चाकांकडे जाते ती याच पृष्ठभागावरून.

क्लच कसा काम करतो?

फ्लायव्हील, मध्ये क्लच प्लेट, वर प्रेशर प्लेट. हे तीन थर लक्षात ठेवा. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बोल्टने घट्ट बसवलेली असते. तिच्यातली स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. तिघं एकत्र फिरले की गाडी चालते. पाय पेडलवर दाबला की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला आत ढकलते, दाब सुटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. मग गिअर बदलता येतो.

म्हणजे क्लच प्लेटला दोन तोंडं असतात. एक प्रेशर प्लेटवर घासतं, दुसरं फ्लायव्हीलवर. बाजारात 'क्लच सेट' म्हणून जो डबा मिळतो त्यात साधारणपणे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि कधी रिलीज बेअरिंग असते. फ्लायव्हील त्यात नसतं. म्हणजे एक तोंड नव्या लोखंडावर आणि दुसरं जुन्या, झिजलेल्या, जळालेल्या लोखंडावर घासत राहतं. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

खराबीची लक्षणं घरच्या घरी ओळखा

चढावर किंवा भरलेल्या गाडीत एक्सलेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी उचलताना पूर्ण गाडी थरथरते, गदगद हलते, तर फ्लायव्हीलवर डाग असू शकतात किंवा प्लेटला तेल लागलेलं असू शकतं. कधी इंजिनाचं माउंटिंग तुटल्यावरही असं होतं, म्हणून तेही बघायला सांगा. स्टार्टर मारताना मधेच 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि गाडी थोडी ढकलल्यावर सुरू होते, तर रिंगचे दात एका जागी झिजलेत असं समजा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली तेल टपकतं, तर इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलेलं असण्याची शक्यता असते.

यातलं काहीही असेल तर गॅरेजमध्ये शिरतानाच सांगा. गिअरबॉक्स एकदा उतरवायचा म्हणजे मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो. तो उतरलेला असताना फ्लायव्हील काढून बघायला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. नंतर पुन्हा उतरवावा लागला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. आम्ही ती दिली आहे.

काम सुरू होण्याआधी

पहिली गोष्ट जीवाची. कारचा गिअरबॉक्स तीस-चाळीस किलोचा, मोठ्या गाडीचा त्याहून जड. आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी गाडी जॅकवर उचलून खाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे लावतात आणि पोरगं पाठीवर झोपून गिअरबॉक्स छातीवर घेतं. हे चुकीचं आहे. वीट दबली की फुटते, आधी सांगत नाही. जमीन सपाट आणि पक्की हवी, गाडीखाली लोखंडी स्टँड हवेत, जमिनीवर राहिलेल्या चाकांना अडण हवी आणि गिअरबॉक्स उतरवायला त्याचा वेगळा जॅक हवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, कारण स्टार्टरची जाड वायर नेहमी चालू असते.

दुसरी गोष्ट धुळीची, आणि ही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लच उघडला की आत काळी-करडी भुकटी साठलेली असते. बहुतेक ठिकाणी ती हवेच्या पाइपने फुंकून उडवतात. सगळं गॅरेज धुळीने भरतं आणि तिथे काम शिकणारं पोरगं ती श्वासात घेतं. क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये वर्षानुवर्षं अॅस्बेस्टॉस वापरलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होऊ शकतो. वाईट म्हणजे तो आजार लगेच दिसत नाही. आज घेतलेली धूळ वीस-तीस वर्षांनी बाहेर पडते, तेव्हा गॅरेजही आठवत नाही. जुन्या प्लेटमध्ये काय होतं हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून प्रत्येक भुकटी धोक्याची समजा. हवा मारायची नाही, झाडूही मारायचा नाही. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ती ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. अम्मी, बहीण, बायको यांच्या नाकात तीच धूळ जाते.

फ्लायव्हील काढायची रीत

गिअरबॉक्स बाजूला झाला की समोर प्रेशर प्लेट दिसते. तिचे बोल्ट एकदम एक-एक करून पूर्ण काढायचे नसतात. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोरच्या जोडीने सैल करायचा. नाहीतर आतल्या स्प्रिंगचा दाब एका बाजूने सुटतो आणि प्लेट वाकते. शेवटच्या बोल्टला हात लावताना क्लच प्लेट धरून ठेवायची, ती खाली पडते.

आता फ्लायव्हील. ते इंजिनाच्या क्रँकशाफ्टला सहा किंवा आठ बोल्टनी बसवलेलं असतं. हे बोल्ट सोडवताना चाक फिरतं, म्हणून ते अडवावं लागतं. इथे बरेच जण मोठा स्क्रू ड्रायव्हर दातांत घालून तो इंजिनाच्या घराला टेकवतात. इंजिनाचं घर अॅल्युमिनियमचं असतं, कडा तुटते. रिंगचा दातही उडतो. त्याऐवजी दातांत बसणारा आणि बोल्टने पक्का होणारा लॉक मिळतो, तो वापरायचा.

काढण्याआधी चाकावर आणि क्रँकशाफ्टवर सरळ रेषेत खूण करायची. काही गाड्यांत बोल्टची भोकं अशा अंतरावर असतात की चाक एकाच प्रकारे बसतं. काहींत छोटी पिन असते. पण काहींत ते कसंही बसतं, आणि तिथेच घोटाळा होतो. ज्या गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खुणा वाचतो, तिथे चाक चुकीच्या जागी बसलं तर गाडी सुरूच होत नाही किंवा मिसफायर करते. मग मिस्त्री सेन्सर बदलतो, वायरिंग बघतो, पंप काढतो. चूक मात्र चाकातच असते.

बोल्ट समोरासमोर सैल करायचे, पण सगळे एकदम काढायचे नाहीत. वरचे दोन अर्धे तसेच ठेवायचे, मग चाक प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकं ठोकून मोकळं करायचं. सगळे बोल्ट काढून मग ठोकलं तर दहा किलोचं लोखंड सरळ पायावर येतं. दात धारदार असतात, म्हणून हातमोजे घालायचे. आमच्या मिस्त्रीच्या अंगठ्यावर जुना वण होता. "शिकत होतो तेव्हाचा," एवढंच तो म्हणाला.

चाक हातात आल्यावर काय बघायचं?

निळे-जांभळे डाग म्हणजे तिथे लोखंड फार तापलं. तशा जागी बीड कडक होतं, बाकीच्या भागापेक्षा कमी झिजतं आणि मग उंचवटा तयार होतो. गाडी उचलताना थरथर येते ती इथून.

बारीक चिरा दिसल्या तर नीट बघा. पृष्ठभागावरची अगदी उथळ रेघ कधी घासून जाते. पण नखाला अडणारी, कडेपर्यंत किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली चीर असेल तर चाक भंगारात. इथे पैसे वाचवायचे नाहीत. कारण सांगतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना हे चाक सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतं. चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर धरला तर त्याची कडा ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते. तडकलेलं चाक त्या वेगात फुटलं तर तुकडे बेल हाउसिंग फोडून बाहेर येऊ शकतात, आणि त्याच्या मागेच ड्रायव्हरचे पाय असतात. ड्रॅग रेसिंगच्या ताकदवान गाड्यांना क्लचभोवती मजबूत स्टीलचं कवच लावतात ते याचसाठी.

चाक सपाट आहे का हे बघायला त्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालतात. चाक डुलतं का हे इंजिनावर बसलेलं असताना डायल गेजने बघतात. मोजमापाची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती ०.२ मिलिमीटरच्या आत, म्हणजे आपल्या दोन-तीन केसांच्या जाडीएवढी. डोळ्यांना हे दिसणारच नाही. म्हणून "मी बघितलं, ठीक आहे" या उत्तरावर समाधान मानू नका.

रिंगचे दातही चारी बाजूंनी बघा. ठराविक सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठराविक दोन-चार जागीच थांबतं, म्हणून स्टार्टर नेहमी त्याच दातांवर लागतो आणि दात तिथेच झिजतात. बऱ्याच गाड्यांत रिंग वेगळी मिळते. ती तापवून मोठी करतात, चाकावर बसवतात, थंड झाली की आवळून बसते. पण हे काम जाणकाराचंच. जास्त तापवली तर दातांचा कडकपणा जातो.

लेथवर द्यायचं की नवं घ्यायचं?

डाग उथळ असतील तर चाक घासून घेता येतं. गोरेगावात सोय नसेल तर गोंदियाला, नाहीतर नागपूरला. लेथपेक्षा सरफेस ग्राइंडरवर घासलेलं बरं, कारण लेथची टूल कडक डागावरून उडी मारते आणि उंचवटा तसाच राहतो.

दोन गोष्टी घासणाऱ्याला बजावून सांगा. एक, गरज असेल तेवढंच घ्यायचं. चाकाची कमीत कमी जाडी कंपनीने ठरवलेली असते. तिच्या खाली गेलं की चाक कमजोर होतं आणि क्लचची सगळी मोजमापं मागे सरकतात, पेडल बिघडतो. दोन, काही चाकांना पायरी असते. प्लेट घासते ती जागा एका पातळीवर आणि प्रेशर प्लेट बसते ती दुसऱ्या. अशा चाकाच्या दोन्ही पातळ्या सारख्याच घासाव्या लागतात. फक्त आतली घासली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवा क्लचही घसरतो.

अलीकडच्या बऱ्याच डिझेल आणि महागड्या गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. म्हणजे एकात एक दोन चाकं आणि मध्ये लांब स्प्रिंगा. इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून. हे साधारणपणे घासून वापरत नाहीत. दोन चाकं एकमेकांत किती फिरतात, किती डुलतात, आतून ग्रीस बाहेर आलंय का, हे बघायचं. मर्यादेबाहेर गेलं तर नवंच घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. जुनी गाडी विकत घेताना हा प्रश्न आधीच विचारा.

परत बसवताना

चाक बाहेर आहे तोवर दोन छोट्या वस्तू बदलून घ्या. इंजिनाचं मागचं ऑइल सील आणि, गाडीत असेल तर, क्रँकशाफ्टच्या टोकातली पायलट बेअरिंग. सीलची किंमत बाकी खर्चापुढे काहीच नाही. आमच्या पहिल्या गॅरेजने नेमकं तेच सोडलं होतं. त्याच सीलमधून आलेल्या तेलाने नवी प्लेट तीन महिन्यांत संपवली.

बसवण्याआधी क्रँकशाफ्टचं तोंड आणि चाकाची पाठ स्वच्छ पुसायची. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी चाक डुलतं. घासणारा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसायचा आणि मग त्याला बोट लावायचं नाही. हाताच्या तेलाचा डागही क्लचला नको असतो.

बोल्टचा विषय नीट समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. आवळताना ते थोडे ताणले जातात आणि त्या ताणाच्या जोरावरच पकड ठेवतात. पुन्हा वापरले तर पकड मिळेलच असं नाही. मॅन्युअल नवे म्हणत असेल तर नवेच घ्यायचे. काही इंजिनांत हे बोल्ट आरपार आत जातात आणि त्यांच्या आट्यांवरून तेल झिरपतं. तिथे लॉकिंग किंवा सीलिंगचं द्रव लावावं लागतं. कुठे कोरडे, कुठे तेल लावून, कुठे लॉकटाइट, हे गाडीगणिक वेगळं असतं.

आवळणं टॉर्क रेंचनेच. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण सहा किलो वजन टांगलं की जेवढा पीळ बसतो, तो सुमारे ६० न्यूटन-मीटर. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. काहींत ठरलेल्या आकड्यानंतर आणखी ठराविक अंश फिरवायचं असतं. आधी सगळे बोल्ट हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत. "माझ्या हाताचा अंदाज पक्का आहे" असं म्हणणारे उस्ताद आपण बघतो. अंदाजाने सैल राहिलेला बोल्ट ठोकल्यासारखा आवाज करतो, लोक इंजिनाची बेअरिंग गेली समजून पूर्ण इंजिन उघडतात. जास्त आवळलेला बोल्ट तर एक दिवस न सांगता तुटतो.

मग क्लच प्लेट. तिच्यावर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे बहुधा लिहिलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. मधोमध बसवायला छोटी दांडी मिळते, ती वापरायची. प्रेशर प्लेट पुन्हा समोरासमोर, हळूहळू. शाफ्टच्या आट्यांवर ग्रीस अगदी नावाला, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना तो शाफ्टवर लोंबकळत ठेवायचा नाही, प्लेटचा मधला भाग वाकतो. बोल्टने ओढूनही बसवायचा नाही. हाताने सरकत नसेल तर काहीतरी सरळ नाही, एवढं समजायचं.

गाडी हातात आल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवा. ओव्हरलोड नको, चढावर अर्धा क्लच धरून उभं राहणं नको. नवी प्लेट आणि घासलेलं चाक एकमेकांना ओळखायला थोडा वेळ घेतात.

स्पोर्ट्स कारवाल्यांचं बघून आपण करायचं का?

आमच्याकडे काही तरुण विचारतात, मोबाइलवर बघितलं, स्पोर्ट्स कारमध्ये हलकं फ्लायव्हील टाकतात, आमच्या गाडीत टाकू का? प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर देतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार बनू लागली होती. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. अशा गाड्यांत क्लचपर्यंत पोहोचायचं म्हणजे मागचा बराच पसारा उतरवावा लागतो. म्हणून तिथे एकदा उघडल्यावर फ्लायव्हील न बघता बंद करणं म्हणजे वेडेपणा समजतात. आपण त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं.

हलकं चाक लवकर फिरतं आणि लवकर थांबतं. शर्यतीत त्याचा फायदा होतो, कारण तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमवर असतं. पण आपल्याला पाच माणसं आणि सामान घेऊन बाजारातल्या गर्दीत, खड्ड्यांतून, शून्यापासून गाडी उचलायची असते. तिथे साठवलेली ताकद लागते. हलक्या चाकाने गाडी आयडलिंगला थरथरते, उचलताना बंद पडते, मग आपण जास्त एक्सलेटर देतो आणि क्लच जळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या बिडाच्या चाकाला लेथवर भोकं पाडून हलकं करणं. तशा चाकाची मजबुती आणि बॅलन्स दोन्ही जातात. ते करू नका, कोणाला करू देऊ नका.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

एक, फ्लायव्हील काढून बघणार का, आणि मला बोलावून दाखवणार का? दोन, मागचं ऑइल सील बदलणार का? तीन, बोल्ट नवे लागतात का, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय? चार, टॉर्क रेंच आहे का? पाच, जुने सुटे भाग परत देणार का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण समोरचा कामाची किंमत जाणतो. पण मग मजुरीत घासाघीसही तशीच करू नका. पाऊण तास जास्त लागणार असेल तर त्याचे पैसे खुशीने द्या. आपणच 'स्वस्तात कर' म्हणतो आणि नंतर काम अर्धवट झालं म्हणून ओरडतो, हेही खरं आहे. आम्हीही पहिल्या वेळी तेच केलं होतं.

आणि गॅरेज चालवणाऱ्या भावांना दोन शब्द. गिऱ्हाईक आपली गाडी सोडून जातो तेव्हा आत काय झालं हे त्याला कधीच दिसणार नसतं. झाकलेल्या जागेतलं काम ही खरी अमानत. तुमच्याकडे शिकणाऱ्या पोराला मास्क द्या, हवेचा पाइप त्याच्या हातातून काढून घ्या, विटा फेकून स्टँड आणा. चौदा वर्षांखालच्या पोराला तर कामावर ठेवूच नका, २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही ते बंद आहे. मोठ्या पोराची आवड असेल तर त्याच्या घरच्यांना आयटीआयचा रस्ता दाखवा. मेकॅनिक मोटार व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तुमच्याकडचा हात आणि तिथलं मोजमाप, दोन्ही एकत्र आले तर तो पोरगा पुढे स्वतःचं गॅरेज टाकेल.

आमची गाडी आता ठीक आहे. घासलेलं चाक, नवं सील, नवे बोल्ट. मागच्या आठवड्यात फुफींना घेऊन पुन्हा नागपूरला गेलो. मुरदोलीचं जंगल आलं तसं त्या गप्प झाल्या, हातातली तस्बीह जोरात फिरू लागली. गाडी सुरळीत पार झाली. कोहमाऱ्याला पोहोचल्यावर त्यांनी चहा मागितला आणि एवढंच विचारलं, "या वेळी आत नीट बघितलं होतं ना रे?"

आम्ही हो म्हणू शकलो. तुमच्या घरची गाडी गॅरेजमधून येईल तेव्हा तुम्हालाही हो म्हणता यावं, म्हणून हा लेख. घरातल्या गाडी चालवणाऱ्यापर्यंत आणि ओळखीच्या मिस्त्रीपर्यंत तो जरूर पोहोचवा.